खालच्या खणातल्या मुली

बालविकास केंद्राचा दरवाजा साडेआठला उघडतो, पण बाहेरचे बाक आठलाच भरलेले असतात. एक आई, एखादा बाप, कधी आजी, आणि मूल. मूल बाकावर असेलच असं नाही. कुणी पंख्याखाली मान वर करून उभं असतं, कुणी भिंतीवरच्या पाटीतलं एकच अक्षर बोटाने पुन्हा पुन्हा गिरवत असतं, कुणी आईच्या पाठीमागे असं लपलेलं असतं की नुसते बूट दिसावेत.

आत, काचेच्या खिडकीमागे, यादीमावशी बसतात. हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं आहे, पण ते आता हजेरीपटालाच ठाऊक. बावीस वर्षं त्या या केंद्राच्या नोंदीची यादी सांभाळतात, म्हणून यादीमावशी. डॉक्टरीणबाईंपासून लादी पुसणाऱ्या बाईपर्यंत सगळे तेच म्हणतात, आणि घरी यजमानांना चिडवायची लहर आली की तेही तेच म्हणतात. खिडकी सरकवण्याआधी त्या क्षणभर डोळे मिटतात. "देवा, आज माझ्या तोंडून कुणाला वाकडा शब्द जाऊ देऊ नकोस," एवढंच मागणं. अकरा वाजेपर्यंत देव ते राखतो. पुढे त्याचाही नाइलाज होत असावा.

त्या लागल्या तेव्हा एक नोंदवही तीन वर्षं पुरली होती. महिन्याला चार-पाच नावं, तीही अशा मुलांची की ज्यांना दुरून बघूनच कळावं. आता वही चार महिन्यांत संपते. संगणकातही सगळं भरायचं असतं, पण तो आठवड्यातून एकदा तरी मान टाकतो, म्हणून वही आहेच. आज नाव घातलं तर तपासणीची तारीख अकरा महिन्यांनंतरची. हे वाक्य त्या दिवसातून तीस-चाळीस वेळा बोलतात, आणि प्रत्येक वेळी समोरच्या चेहऱ्यावर ते पहिल्यांदाच पडतं.

"अकरा महिने?" एक बाप ओरडला होता. "अहो मावशी, तोपर्यंत दुसरं मूल होईल आम्हाला!"

"मग त्याचंही नाव आत्ताच घालून ठेवा," मावशी म्हणाल्या.

बाप हसला. त्याची बायको हसली नाही. मावशींना ते दिवसभर लागून राहिलं.

एवढी मुलं आली कुठून, हा प्रश्न तर त्यांना जो तो विचारायचा. जसं काही त्यांनीच आणून बसवलीत. लिफ्टवाल्याचं म्हणणं, सगळा मोबाइलचा प्रताप. आज्यांचं म्हणणं, आईबाप कामावर, घरात मुलाशी बोलायला कुणी नाही, मग ते बोलणार कसं. एखादा बाप चार कागद छापून आणायचा आणि लसीवर ठपका ठेवायचा. आणि रोज एखादी तरी आई काही न विचारता, पेन हातात धरून, हळूच म्हणायची, "माझंच कुठेतरी चुकलं असेल."

बाकी सगळ्यांना मावशी "हं" म्हणून सोडून देत. या शेवटच्या आईला मात्र सोडत नसत. "बाई, इकडे बघा. हे तुमच्या नोकरीनं होत नाही, रडण्यानं होत नाही, टीव्हीनं होत नाही, लसीनं तर नाहीच नाही. मूल असंच आलंय. सही करा."

हे त्यांचं स्वतःचं ज्ञान नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं ऐकून ऐकून जमलं होतं. मागे एकदा केंद्रात शाळेच्या शिक्षकांना बोलावलं होतं, तेव्हा मावशी हजेरीचा कागद घेऊन दाराशीच उभ्या होत्या.

"शंभर मुलं घेतलीत तर त्यांत एकाला तरी ऑटिझम असतो," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "आपण त्याला स्वमग्नता म्हणतो. जिथे नीट शोधतात तिथे आकडा याच्याही वर जातो."

"आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही," एक पिकल्या केसांचे गुरुजी म्हणाले.

"होतं की, सर. तुमच्याच वर्गात होतं. कुणाला तुम्ही घुम्या म्हणायचात, कुणाला हट्टी, कुणाला मठ्ठ. जे अजिबात बोलत नव्हतं ते शाळेत पोचतच नव्हतं, मागच्या खोलीत असायचं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "पूर्वी अगदी तीव्र असेल तेवढंच आम्ही धरायचो. आता बोलणारं, वाचणारं, पण माणसांत गोंधळून जाणारं मूलही त्यात धरतो. व्याख्या रुंद झाली. दीड-दोन वर्षांच्या बाळाला बघतानाच डॉक्टर चार प्रश्न जास्त विचारतात. आईबाप लाजत नाहीत, येतात. म्हणून आकडा वाढतो."

"म्हणजे खरी वाढ नाहीच?"

"थोडी असेलही. आईबापांची वयं वाढलीत, दिवस भरण्याच्या फार आधी जन्मलेली बाळं आता वाचतात, त्याचा काही भाग असू शकतो. पण बरीचशी वाढ मोजण्याची आहे." मग त्यांनी भिंतीवर एक तक्ता दाखवला. "ही आपल्याच केंद्राची यादी. दर पाचांत चार मुलगे, एक मुलगी. सगळीकडेच मुलगे जास्त सापडतात. मुलींना खरंच कमी होतं, की मुली आपल्या नजरेतून सुटतात, ते अजून कुणी पक्कं सांगू शकत नाही."

आपल्या वहीचा तक्ता भिंतीवर बघून मावशींची छाती भरून आली होती. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी यजमानांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागल्या तेव्हा यजमान म्हणाले, "अगं, तक्ता आता मलाच पाठ झालाय. चार मुलगे, एक मुलगी. जेवायला वाढ."

त्या तक्त्यात मावशींच्या खालच्या खणाचा वाटा होता, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. मावशींनाही.

त्याचं असं होतं. नाव नोंदवायला आलेल्या आईला खिडकीवर वीस प्रश्नांचा एक कागद मिळतो. मूल हाक मारल्यावर बघतं का, बोट दाखवतं का, दुसऱ्या मुलांत जातं का. मूल जे करत नाही त्यापुढे आईने खुणा करायच्या आणि कागद परत द्यायचा. सगळे कागद यादीत जायला हवेत, असा नियम. पण यादी वाढत चालली तशी मावशींनी आपली एक चाळणी लावली. कागदावर चार-पाचच खुणा असल्या, मूल समोर शांत उभं असलं, विचारलं तर नाव सांगत असलं, तर त्या आईला म्हणायच्या, "अहो, लाजरी आहे हो. मुली असतातच अशा. सहा महिने वाट बघा, नाहीच वाटलं तर या. कागद मी माझ्यापाशी ठेवते." आईचा जीव भांड्यात पडायचा. ती दोनदा आभार मानून जायची. कागद खालच्या खणात जायचा, एका पिवळ्या फायलीत. खरोखर गरज असलेल्या मुलाची तारीख तेवढी अलीकडे आली, म्हणून मावशींनाही बरं वाटायचं. यात लपवाछपवी होती असं त्यांच्या मनातही नव्हतं. घरातली बाई चार पाहुण्यांत पोळी पुरवते, तसं त्या अकरा महिने पुरवत होत्या.

सहा महिन्यांनी परत आलेल्या फारच थोड्या.

एका सोमवारी एक शिंपीणबाई आल्या, नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन. शाळेने चिठ्ठी दिली होती म्हणून त्यांना तातडीने आत घेतलं होतं. मुलगी देखणी, दोन वेण्या, पण डाव्या कानामागे केस उपटून उपटून तळहाताएवढी जागा मोकळी झाली होती. गेले दोन महिने ती शाळेत एक शब्द बोलली नव्हती. तासाभराने डॉक्टरीणबाईंनी मावशींना हाक मारली.

"मावशी, यांचा जुना कागद आहे का? या म्हणतात, आधी आल्या होत्या."

"चार वर्षांपूर्वी," शिंपीणबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. गळ्यात मोजायची फीत तशीच होती, दुकानातून उठून आल्या असाव्यात. "या मावशींनीच सांगितलं होतं, लाजरी आहे म्हणून. मला फार धीर आला होता. मी घरी जाऊन सासूबाईंनाही सांगितलं, मोठ्या दवाखान्यात विचारून आले, काही नाही म्हणाले."

डॉक्टरीणबाई मावशींकडे बघत राहिल्या. मुलगी खिडकीकडे बघत होती.

"शोधते," त्या म्हणाल्या आणि बाहेर आल्या.

शोधायचं काय होतं? खण ओढला, फाईल उघडली, कागद मिळाला. पाच खुणा. खाली शिंपीणबाईंनी आपल्या अक्षरात लिहिलं होतं, "घरी खूप बोलते, पण सगळं दुसऱ्यांचं ऐकलेलं बोलते. शाळेतून आली की रडते." हे मावशींनी त्या वेळी वाचलंच नव्हतं. खुणा मोजल्या होत्या.

आणि वाचता वाचता, अक्षर शिंपीणबाईंचं असूनही, मुलगी दुसरीच कुणीतरी दिसायला लागली. ठकी.

ठकी म्हणजे त्यांची नात, लेकीची एकुलती एक. वय साडेपाच. सगळ्या नात्यागोत्यात तिच्याएवढं गुणी मूल नाही. घरी कोण आलं की पुढे होऊन म्हणणार, "या, बसा, प्रवास कसा झाला?" शेजारची काकू खालच्या मजल्यावरून आली तरी हेच. सगळे पोट धरून हसायचे. खेळायला कुणी आलं की ठकी आधी दूर उभी राहून बघणार, मग दुसरी मुलगी जशी हसते तशीच हसणार, जसा हात हलवते तसाच हलवणार. शाळेतून तक्रार म्हणून नाही. आणि शाळेतून घरी आली की दप्तरासकट जेवणाच्या टेबलाखाली शिरून तासभर बाहेर यायची नाही. हात लावला तर किंचाळायची.

लेकीने दीड वर्षापूर्वी विचारलं होतं. "आई, ठकीला एकदा तुमच्याकडे दाखवू का?"

"काय दाखवायचंय?" मावशी हसल्या होत्या. "हजारो बघितलीत मी असली मुलं. तुझी पोर नुसती थकते गं. तूही अशीच होतीस. माझ्या नजरेवर विश्वास नाही का तुझा?"

लेकीने पुन्हा विचारलं नव्हतं. आईच्या बावीस वर्षांपुढे ती काय बोलणार?

त्याच सोमवारी दुपारी एका बापाचा फोन आला. गुरुवारी दहाची त्यांची तारीख होती, पण बदली झाली, ते गाव सोडून चालले होते, वेळ रद्द करा. असे फोन महिन्यातून एखादा. रद्द झालेली वेळ यादीतल्या पुढच्याला द्यायची. मावशींनी पेन्सिल उचलली. वहीत त्या बापाच्या मुलाच्या नावावर रेघ मारली आणि शेजारी, बारीक अक्षरात, ठकीचं नाव लिहिलं. लिहिताना त्यांनी देवाचं नाव घेतलं नाही. घ्यायची लाज वाटली असावी.

संध्याकाळी त्या परस्पर लेकीकडे गेल्या. लेक नकाशे काढते, एका मोजणीच्या कचेरीत. घरीही टेबलावर मोठा कागद पसरलेला होता आणि ती त्यावर वाकलेली. जावई अजून यायचे होते. टेबलाखाली ठकी.

"चहा टाकू?" लेक म्हणाली. "पाय किती सुजलेत तुझे. बस आधी."

"चहा नको. मला बोलायचंय."

मावशींनी सगळं सांगितलं. शिंपीणबाई, कानामागची जागा, पिवळी फाईल. सांगताना त्या स्वतःला पाठीशी घालत होत्या, मग आपलं आपल्यालाच ऐकू येऊन थांबत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गुरुवारी दहाला ठकीला घेऊन ये. वेळ मिळालीय."

हातातली पट्टी लेकीने कागदाच्या कडेला अगदी सरळ लावून ठेवली.

"दीड वर्ष, आई."

"हो."

"दीड वर्ष मी रोज स्वतःला सांगतेय, आई म्हणते काही नाही. रोज. ही शाळेतून आली की मी मोरीत जाऊन नळ सोडून बसते, हिचं किंचाळणं ऐकू येऊ नये म्हणून. आणि स्वतःला सांगते, आईने हजारो बघितलीत."

"चुकलं माझं."

"चुकलं माझं, म्हणून भागतंय का?" लेकीचा आवाज चढला. टेबलाखालून हालचाल झाली, तशी ती पुन्हा हळू बोलायला लागली. "लोकांच्या मुली म्हणून नजर टाकायची नाही, आणि आपली म्हणून तर मुळीच नाही. मग तू बघतेस तरी काय तिथे बसून?"

मावशी जमिनीकडे बघत राहिल्या. पाय ठणकत होते, आणि त्यांना इतकं थकल्यासारखं वाटत होतं की रडायचेही श्रम नकोत.

मग लेकीने विचारलं, "ही गुरुवारची वेळ कुणाची?"

"रद्द झाली एकाची."

"रद्द झालेली वेळ यादीतल्या पुढच्याला जाते. तूच सांगायचीस."

"अगं, ते सांगायचं झालं. एक वेळ. मी बावीस वर्षांत कधी..."

"पुढचं कोण आहे?"

"असेल कुणीतरी."

"आई, तुझ्या फायलीत किती जणी आहेत?"

मावशींनी निघण्याआधी मोजले होते, ते सांगितले. त्रेसष्ट कागद. बावन्न मुली, अकरा मुलगे. सगळ्यात जुना कागद सहा वर्षांचा.

"त्रेसष्ट," लेक म्हणाली आणि तिने डोक्याला हात लावला. "आणि त्यांच्याआधी ठकी. त्यांना तू परत पाठवलंस, आणि माझ्या पोरीला मधे घुसवतेस. मला ती वेळ हवीय गं. इतकी हवीय की हात शिवशिवतात. पण गुरुवारी मी तिथे बसले आणि ती शिंपीणबाई समोर आली, तर मी कुठे बघू? मला नाही जमायचं. मला रांगेत कुणी मधे घुसलं तरी रात्रभर झोप येत नाही, तुला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. लहानपणी लेक खेळातला नियम कुणी मोडला की खेळच सोडून घरी यायची आणि दोन दिवस जेवायची नाही. तेव्हा मावशी तिला तत्त्वाची बाई म्हणून चिडवायच्या.

"मग काय करू?" मावशींनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या लेकीला हे विचारत होत्या.

"ते मला नको विचारूस," लेक म्हणाली. "तुझा खण आहे."

घरी यजमानांनी वाट बघून ताट झाकून ठेवलं होतं. मावशींनी त्यांना सांगितलं. चिडवायची लहर त्यांना आली नाही. बराच वेळ पाण्याचा पेला हातात फिरवत म्हणाले, "निवृत्तीला आठ महिने राहिलेत. खणाला कुलूप लावून किल्ली हरवली, तर कोण विचारणारंय?"

"तुम्ही गंमत करताय."

"निम्मी," यजमान म्हणाले.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडण्याआधीच मावशी पिवळी फाईल घेऊन डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या. बसल्या नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. गुरुवारी पेन्सिलने कुणाचं नाव घातलं होतं आणि आज सकाळी ते खोडलं, तेही सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी एकेक कागद उलटून बघितला. मधेच चष्मा काढून डोळे चोळले. त्या स्वभावाने ओरडणाऱ्या नव्हेत. ओरडल्या असत्या तर मावशींना सोपं गेलं असतं.

"तो तक्ता आठवतो तुम्हाला? चार मुलगे, एक मुलगी?"

"हो."

"मी तो दोन परिषदांमध्ये दाखवला, मावशी. लोकांनी उतरून घेतला." त्यांनी फाईल मिटली. "मुली का सापडत नाहीत, यावर मी अर्धा तास बोलले. आणि त्या माझ्याच इमारतीत, तुमच्या पायापाशी होत्या."

"मला वाटलं, मी यादी हलकी करतेय. तुमच्यावरचा भार..."

"ठाऊक आहे मला. मीही कधी विचारलं नाही की अकरा महिने अकराच कसे राहतात. नावं वाढत होती, वाट तेवढीच. मला सोयीचं होतं." त्यांनी फाईल मावशींच्या हातात परत दिली. "वर कळवावं लागेल. तुमच्यावर लेखी येईल. माझ्यावरही."

"येऊ दे."

"आता यांना बोलवायचं. ज्या तारखेला आल्या होत्या त्या तारखेच्या क्रमाने. मी शनिवारी जास्तीचे चार-चार बघते, उरलेले रोजच्या यादीत घुसवू. नव्या नोंदींना अकराचे चौदा महिने होतील. लोक तुमच्या खिडकीवर ओरडतील."

"ओरडू देत. फोन मीच करते."

"तुम्हीच करा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. यात मान होता की शिक्षा, ते मावशींना कळलं नाही, आणि विचारायचं त्राण नव्हतं.

गुरुवारची दहाची वेळ सगळ्यात जुन्या कागदाला गेली. तो नंबर लागतच नव्हता. दुसऱ्याचाही नाही. तिसरी आई म्हणाली, आम्ही दुसरीकडे दाखवलं, तिला ऑटिझमच निघाला, आता तिचं छान चाललंय, तुमची कृपा नको. आणि फोन ठेवला. चौथ्या बाईला आपण कधी काळी आलो होतो हेच आठवेना. मग आठवलं, आणि तिने विचारलं, "आता कसं काय बोलावताय? काही नवीन निघालं का?"

"नाही बाई. मी तेव्हा तुम्हाला परत पाठवायला नको होतं. माझी चूक झाली. मुलगी कशी आहे?"

मग ती बाई म्हणाली, "गप्प असते. तुम्ही म्हणालात, मोठी झाली की बोलेल. दहा वर्षांची झाली. गुरुवारी किती वाजता म्हणालात?"

असे त्रेसष्ट फोन. खिडकीवरची गर्दी सांभाळून दिवसाला सहा-सात व्हायचे. काहींनी शिव्या घातल्या. एकीने आभार मानले, ते शिव्यांपेक्षा जड गेलं. अकरा घरं सापडलीच नाहीत. मावशींनी त्यांच्यापुढे तारखा टाकून ठेवल्या, पुन्हा करायच्या म्हणून. ज्या आल्या त्या सगळ्यांनाच काही निघालं असंही नव्हतं. सहा-सात जणी खरोखरच लाजऱ्या होत्या. पण तेही आता तपासून सांगितलेलं होतं, काचेआडून नाही.

लेक तीन आठवडे फोनवर मोजकंच बोलली. ठकी कशी आहे, बरी आहे. जेवली का, जेवली. एवढंच. यजमान दोघींच्या मधे निरोप्यासारखे. एकदा म्हणाले, "मलाच नोंदवा तुमच्या केंद्रात. घरात माझ्याशी कुणी बोलत नाही."

मग एका बुधवारी सकाळी, साडेदहाला, मावशींनी खिडकीतून "पुढचे या" म्हटलं आणि समोर लेक उभी होती. रांगेत होती, बाराव्या नंबरवर, मावशींनी मान वर करून बघितलंच नव्हतं. शेजारी ठकी, दोन्ही हात कानांवर.

"या, बसा, प्रवास कसा झाला?" ठकी म्हणाली.

मावशींना हसू आलं नाही. "चांगला झाला," त्या म्हणाल्या. "इथे आवाज फार होतो ना? कोपऱ्यात ती निळी खुर्ची आहे, तिथे कमी येतो."

ठकी जाऊन निळ्या खुर्चीत बसली. लेकीने कागद मागितला. वीस प्रश्न ती उभ्याने वाचत गेली. दर प्रश्नाला थांबत होती. मावशींच्या जिभेवर दर वेळी उत्तर यायचं, हे ती करते, हे ती करत नाही, हे सगळीच मुलं करतात. त्यांनी दात आवळून धरले. मागे रांगेत कुणीतरी घड्याळ बघत होतं. बघू दे.

चौदा खुणा झाल्या. तळाशी जागा असते, आणखी काही सांगायचं असल्यास. लेकीने तिथे सगळ्या ओळी भरल्या आणि कागद उलटून मागच्या बाजूलाही लिहिलं. मावशींनी कागद घेतला आणि सगळ्यांदेखत, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचला. हल्ली त्या असाच वाचतात. म्हणून तर रांग आणखी सावकाश सरकते.

"आता मला काही विचारायचंय, ते सगळ्यांनाच विचारते," त्या म्हणाल्या. "घरात, जवळच्या नात्यात, आणखी कुणी असं आहे का?"

या प्रश्नाला बहुतेक बायका नाही म्हणतात, आणि पूर्वी मावशी न विचारताच नाही लिहून मोकळ्या होत. लेक काचेपलीकडून त्यांच्याकडे बघत होती. रागाने नव्हे. रोज नकाशे काढून रेघांनी थकलेले डोळे.

"मी," ती म्हणाली.

"काय?"

"मला नक्की माहीत नाही. पण या तीन आठवड्यांत मी वाचत होते, ठकीसाठी म्हणून. अर्ध्याहून जास्त माझंच होतं, आई. माणसांत गेले की मी कोणाचं तरी बघून तसं करते. अजून करते. घरी आले की दोन तास कुणी बोलायला नको असतं. मला वाटायचं, सगळ्यांनाच असं होत असेल आणि त्यांना झेपतं, मलाच झेपत नाही." तिने मागे बघितलं, रांग वाढली होती. "लिही. नसेल तर नसेल. पण नाही लिहू नकोस."

मावशींनी लिहिलं. तूही अशीच होतीस, असं त्यांनी दीड वर्षापूर्वी हसत म्हटलं होतं. ते खरं होतं, आणि त्याचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता.

"तारीख?" लेकीने विचारलं.

मावशींनी वही उलटली. एक पान, दोन पानं, आणखी चार. "चौदा महिने लागतील."

"तोपर्यंत ही पहिलीत गेलेली असेल."

"हो. डॉक्टरीणबाई म्हणतात, तारखेसाठी थांबायचं नाही. काय करायचं त्याचा एक कागद आहे, तो घे. शाळेला द्यायची चिठ्ठी मी आजच मागून ठेवते, ती सगळ्यांना देतात." त्या जरा थांबल्या. "आणि शाळेतून आली की मी येत जाईन रोज. तू नळ सोडून बस, नाहीतर झोप. मी तिच्याशी बोलणार नाही. नुसती असेन."

लेकीने पावती घेतली, घडी घालून नीट खिशात ठेवली. "उद्यापासून नको," ती म्हणाली. "सोमवारपासून ये. तिला आधी सांगावं लागेल."

"सोमवारपासून," मावशी म्हणाल्या.

लेक निळ्या खुर्चीपाशी गेली. मावशींनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. पुढचा माणूस खिडकीशी येऊन कधीचा उभा होता, कडेवर दोन वर्षांची मुलगी, मुलीच्या मुठीत त्याची कॉलर.

"किती वेळ लावता हो मावशी एकेकाला," तो म्हणाला.

"लागतो," मावशी म्हणाल्या. "बोला. नाव काय मुलीचं?"